कॉर्निसची अंकलिपी

‘या विषयाला अनेक कंगोरे आहेत’ असं वक्ता म्हणाला की श्रोते घड्याळाकडे बघतात. प्रस्तुत विषयाला मात्र कंगोऱ्यांशिवाय दुसरं काहीच नाही. भिंत संपते आणि छत सुरू होतं त्या सांध्यावरून खोलीभर फिरणारी ती तीन-चार इंची नक्षीदार पट्टी. दुकानदार तिला कॉर्निस म्हणतो, मिस्त्री ‘कारनिस’ म्हणतात, इंटिरियर डिझायनर ‘क्राउन मोल्डिंग’ म्हणतो आणि त्या नावाचे रनिंग फुटामागे वेगळे पैसे लावतो.

ही अंकलिपी नवशिक्यांसाठी आहे. लेखकाचा अनुभव दीड खोलीचा. हॉल मिस्त्रींनी केला, म्हणून तो एक धरावा. आतली खोली मी स्वतः केली, म्हणून ती अर्धी.

धडा पहिला : ही हवी कशाला?

आपल्या इमारतींचा सांगाडा काँक्रीटचा आणि मधल्या भिंती विटांच्या नाहीतर ब्लॉकच्या. दोघांचं तापणं वेगळं, आकसणं वेगळं. उन्हानं स्लॅब फुगतो तेव्हा भिंत म्हणते, मला काय त्याचं. वर्ष-दोन वर्षांत भिंत जिथे वर टेकते तिथे केसासारखी चीर दिसायला लागते. कॉर्निसचं खरं काम ती चीर झाकणं. बाकी सगळी कविता.

घराचा ताबा घेताना मी ती चीर साइटवरच्या माणसाला दाखवली. तो म्हणाला, “फर्निचरच्या कामात निघून जाईल.” सुतार म्हणाला, “पीओपीत निघून जाईल.” पीओपीचे मिस्त्री म्हणाले, “पुट्टीत निघून जाईल.” पुट्टीवाला म्हणाला, “रंगात निघून जाईल.” नवशिक्यानं हे वाक्य पहिल्याच दिवशी पाठ करावं. या धंद्यात चूक दुरुस्त होत नाही, ती पुढच्या माणसाकडे निघून जाते. कॉर्निस हे तिच्या प्रवासातलं मोठं जंक्शन आहे.

वाड्यांना ही अडचण नव्हती. तुळयांवर ओळीनं कड्या, कड्यांवर पाट, झालं कडीपाटाचं छत. सांधा लपवायचा नाही, उलट कोरून मिरवायचा. पुण्यातल्या १८०७ सालच्या विश्रामबागवाड्यात सुरूच्या आकाराचे लाकडी खांब बघताना मान आपोआप वर जाते. आता गंमत ऐका. कॉर्निसखाली चौकोनी दातांची जी रांग काढतात, ती मुळात लाकडी छपराच्या वाशांची बाहेर डोकावणारी टोकं, असं व्हिट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुकार दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेला आहे. ग्रीकांनी ती दगडात उतरवली, आपण पीओपीत उतरवतो. म्हणजे खऱ्या वाशांचं घर पाडायचं, तिथे सात मजले चढवायचे आणि मग खोट्या वाशांची टोकं फुटाच्या भावानं विकत आणायची. घर फिरलं की वासे फिरतात ते हे असे.

धडा दुसरा : माल

लाकूड. सागवान असेल तर प्रश्नच नाही, परवडण्याचा सोडून. त्याऐवजी एमडीएफ घेतलंत तर ते ओल खातं आणि पाहुण्यांनी आग्रह केल्यासारखं फुगतं.

थर्मोकोल. वजनाला पीस, किमतीला पीस आणि टिकायलाही पीसच; शिडी टेकली तरी खड्डा. २०१८ मध्ये महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली तेव्हा आमचं मखर पुठ्ठ्याचं झालं. देवाला जे चालत नाही ते डोक्यावर बारा महिने कसं लावायचं, म्हणून हा पर्याय बाद.

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. कारखान्यात ओतलेली तयार नक्षी. हलकी, ओलीला न घाबरणारी, नवशिक्याला झेपणारी. दुकानदार तिला आठ फुटी कांडी म्हणतो, पण बहुतेक ती २.४ मीटरची असते, म्हणजे आठ फुटाला दीड इंच कमी. हा दीड इंच तुम्हाला दुकानात दिसत नाही, चौथ्या भिंतीवर दिसतो.

पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीच्या पोटात जिप्समच्या खाणी होत्या, म्हणून हे नाव. आपल्याकडचं जिप्सम बहुतांशी राजस्थानातून येतं. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. तिला तिचं पाणी परत दिलं की ती पुन्हा दगड होते. एवढंच सगळं शास्त्र, आणि ते वीस मिनिटांत संपतं.

इथे एका नैतिक पेचाची नोंद करायला हवी. आमच्या घरी गणपती शाडूचाच येतो. पीओपीची मूर्ती पाण्यात विरघळत नाही यावर मी सोसायटीच्या बैठकीत बोललेलो आहे. त्याच आठवड्यात घरी पीओपीची पोती आली. समोरचे काका लिफ्टपाशी उभे होते. त्यांनी पोती मोजली आणि फक्त “मोठी मूर्ती दिसतेय यंदा” एवढंच म्हणाले. त्यांना सांगायला हवं होतं, की मूर्तीच्या वेळी विरघळायला नकार देणारं हेच प्लास्टर वरच्या मजल्यावरची मोरी गळायला लागली की महिनाभरात पापुद्रे टाकून खाली येतं. म्हणून नियम : आधी गळती थांबवा, मग कॉर्निस. ओल्या छताला लावलेली नक्षी म्हणजे तापात घातलेला शालू.

धडा तिसरा : नक्षी निवडणं

नऊ-साडेनऊ फूट उंचीच्या फ्लॅटला तीन ते चार इंचांची कॉर्निस पुरते. बारा-चौदा फुटांचं जुनं बंगलीवजा घर असेल तर सहा-आठ इंच शोभते. चित्रात बघितलेली राजवाड्याची नक्षी फ्लॅटच्या हॉलमध्ये लावली तर छत आणखी एक फूट खाली आल्यासारखं वाटतं आणि उंच पाहुणा दारातच वाकतो.

दुकानात नमुने नजरेसमोर टांगलेले असतात, तिथेच फसगत होते. नजरेसमोर मोहक दिसणारी बारीक वेलबुट्टी नऊ फुटांवर गेली की नुसती खडबडीत दिसते आणि वर्षभरात तिच्या पानापानावर धूळ बसते. साधा नियम असा : नमुन्याचा हातभर तुकडा घरी आणा, चिकटपट्टीनं छताला लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. सकाळी बघा, दिवे लावून बघा. लावताना कॉर्निस बीमला वळसा कशी घालणार, पडद्याच्या रॉडवरून कशी जाणार, एसीच्या पाइपपाशी काय करणार आणि माळ्याच्या दाराला धडकल्यावर कुठे थांबणार, हेही आत्ताच ठरवा. हे प्रश्न शिडीवर सुचले तर उत्तरं वाईट सुचतात.

आम्ही तिघं दुकानात गेलो. माझं मत साध्या गोलाईला. बायकोचं पायऱ्या-पायऱ्यांच्या नमुन्याला. दोघांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “मला काय विचारता, मला सगळं सारखंच दिसतंय. मोतीबिंदू निघाला की बघेन.” त्यावर दुकानदारानं तिच्या हातात एक वेलीची कांडी दिली. आईनं तिच्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाली, “ही माहेरच्या देवघराच्या चौकटीसारखी लागतेय हाताला.” आतली खोली आईची, त्यामुळे तिथे वेल ठरली. नऊ फुटांवरची वेल बोटांना लागत नाही, हा वरचा नियम मला माहीत होता. मी गप्प राहिलो. काही नियम मोडण्यासाठीच शिकायचे असतात.

धडा चौथा : मोजमाप, किंवा सत्याचा क्षण

दहा बाय बाराची खोली. चारही बाजूंची बेरीज ४४ फूट. दारं-खिडक्या वजा करायच्या नाहीत, कॉर्निस त्यांच्या डोक्यावरून जाते. नासधुशीसाठी दहा टक्के धरा, झाले ४८.४ फूट. २.४ मीटरच्या सहा कांड्यांचे भरतात साधारण ४७. म्हणजे सात कांड्या हव्यात. काटकसरी माणूस सहा आणतो, आणि मग सातवीसाठी पुन्हा जातो. आठ फुटी कांडी रिक्षातून दोन्हीकडून बाहेर येते आणि सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला तिच्यावर हात टेकवून उभा राहतो, हे मी अनुभवानं सांगतो.

आता कोपरे. कोपरा काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून कळतं, पण गिलाव्यामुळे लहान गुण्या खोटं बोलतो. त्यापेक्षा दोरी बरी. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर काटकोन. तीन आणि चारचा हा आयत बौधायनाच्या शुल्बसूत्रांत आहे, आणि शुल्ब म्हणजेच दोरी. यज्ञाची वेदी आखणाऱ्यांना जी अचूकता लागत होती ती माझ्या बिल्डरला लागली नाही. माझ्या टेपनं पाच फूट सात सूत दाखवले. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात सूत ऐकायला कमी वाटतात, पण त्यांचा अर्थ कोपरा काटकोनापेक्षा पावणेदोन अंशांनी जास्त फाकलेला. घराच्या नकाशावर तो कोपरा नव्वद अंशांचा आहे. कर्जाच्या कागदांवरही.

पुढे पातळी. त्यासाठी मिस्त्री लेव्हल ट्यूब वापरतात, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. एक टोक या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात, आणि दोन्हीकडचं पाणी जिथे स्थिर होईल तिथे खूण. पाण्याला बिल्डरची भीड नसते. आमच्या हॉलचा स्लॅब पंधरा फुटांत पाऊण इंच उतरलेला निघाला. मिस्त्रींनी नळी गुंडाळली आणि विचारलं, “साहेब, कारनिस पाण्याच्या लेव्हलला लावू की तुमच्या स्लॅबच्या?” प्रश्न गहन आहे. पाण्याप्रमाणे लावली तर एका टोकाला वर फट दिसते. स्लॅबप्रमाणे लावली तर फट दिसत नाही, पण खोटेपणा खोलीभर फिरतो. व्यवहारात मध्ये कुठेतरी जुळवतात आणि उरलेली फट प्लास्टरनं भरतात.

धडा पाचवा : कापण्याचं शीर्षासन

दोन कांड्या कोपऱ्यात भेटतात तेव्हा दोघींनाही तिरकं कापावं लागतं. काटकोन असेल तर ४५ अंश. माझ्यासारखा ९२ अंशांचा असेल तर ४६. त्यासाठी मिटर बॉक्स नावाचा खाचा पाडलेला खोका मिळतो. साध्या खोक्यात खाच ४५ची असते. ४६ची खाच मनात पाडावी लागते.

खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. कॉर्निस खोक्यात उलटी धरायची असते. छताकडची कड खोक्याच्या तळाला, भिंतीकडची कड खोक्याच्या उभ्या बाजूला. म्हणजे खोक्याचा तळ हे छत समजायचं आणि आपण त्याला उलटे लटकलो आहोत असं मानायचं. यात डावं उजवं होतं आणि उजवं डावं. पहिली कांडी मी सुलटी धरून कापली. ती एखाद्या घरात चपखल बसेल. फक्त त्या घराचं छत खाली आणि फरशी वर असायला हवी.

दुसरी उलटी धरली, पण कुठली कड लांब ठेवायची ते चुकलं. म्हणून हे लिहून भिंतीला चिकटवा : आतल्या कोपऱ्यात भिंतीकडची कड लांब, बाहेर आलेल्या कोपऱ्यात छताकडची कड लांब. आणि अख्ख्या कांडीला करवत लावण्याआधी वीतभर तुकड्यांवर चारही प्रकारचे काप करून बघा. ते तुकडे टाकू नका. आमच्याकडे त्यातला एक दाराला अडसर म्हणून चालतो, एक मोबाइल टेकवायला.

वेलीच्या कांडीला आणखी एक दिशा असते. पानं एकाच बाजूला झुकलेली असतात. प्रत्येक कांडीच्या पाठीवर पेन्सिलीनं ‘वर’ असं लिहून बाणही काढावा. मी काढला. पाठीवर. आणि मग त्याच पाठीवर डिंक लावला.

धडा सहावा : पीओपी कालवणं

हॉलचं काम मिस्त्रींचं, आणि ते बघत बसणं हा या सगळ्या उद्योगातला एकमेव निर्भेळ आनंद. आधी जुना रंग खरवडून सांध्याच्या दोन्ही बाजूंना टाचे मारले, कारण प्लास्टरला धरायला जागा हवी. मग सूत मारून रेघ आखली आणि रेघेवर लाकडी पट्टी ठोकली.

घमेल्यात आधी पाणी, मग भुकटी. कणकेच्या उलट. भुकटी हातानं भुरभुरवत जायची, पाण्याबाहेर तिची बेटं उरायला लागली की थांबायचं, ती भिजू द्यायची आणि मगच ढवळायचं. मी न राहवून वरून थोडं पाणी घालायला गेलो तर मिस्त्रींनी मनगट धरलं. “आमटी नाहीये साहेब.” घट्ट होत आलेल्या पीओपीत पाणी घालून ते पातळ होतं, पण त्यातला जीव गेलेला असतो.

दुसरा भिजवा करण्याआधी पोऱ्यानं घमेलं खरवडून लख्ख धुतलं. मला ती टापटीप वाटली. कारण वेगळंच निघालं. आधीच्या घट्ट झालेल्या प्लास्टरचे कण राहिले तर ते विरजणासारखं काम करतात, नवं प्लास्टर हातात असतानाच दगड होतं. ही विरजणाची उपमा माझी; पोऱ्या फक्त म्हणाला, “जुनं लागलं की नवं चिडतं.” हे वाक्य मी अजून कुठे वापरायचं ते शोधतो आहे.

मग फर्मा. पत्र्याच्या तुकड्यावर नक्षीची कड कापून तो लाकडात बसवलेला असतो. प्लास्टरचा ढीग सांध्यात थापायचा आणि फर्मा पट्टीवरून ओढत न्यायचा. पहिल्या फेरीत नुसता चिखल. दुसरीत एक कंगोरा. पुन्हा पातळ भिजवा, पुन्हा फेरी. पाचव्या-सहाव्या फेरीला फर्म्यामागून गोलाई आणि दोन धारदार कडा अशा बाहेर आल्या, जणू त्या भिंतीत आधीपासूनच होत्या आणि मिस्त्रींनी वरचं फडकं ओढून काढलं. मी शिडी चढून हात लावला. प्लास्टर गरम होतं; घट्ट होताना ते ऊब सोडतं. ताज्या भाकरीला हात लावावा तसं वाटलं. कोपऱ्यात मात्र फर्मा पोचत नाही. तिथे थापी आणि छोटी पटरी घेऊन मिस्त्री दोन्ही बाजूंच्या रेघा हातानं एकमेकींना नेऊन मिळवतात. काटकोन नसलेल्या कोपऱ्यात त्या मिळाल्यासारख्या दिसायला हव्यात, हीच कारागिरी. ९२ अंश त्यांनी कुणाला कळूही दिले नाहीत.

आतल्या खोलीत मी ९२ अंश सगळ्यांना कळवले. दोन कांड्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट राहिली. ती पुट्टीनं भरली. अशी फट भरायलाच हवी, नाहीतर पाल तिथे राहायला येते आणि तुमच्या प्रत्येक बोलण्यावर चुकचुकते.

धडा सातवा : पांढरं जग

पीओपी सुकल्यावर पॉलिश पेपरनं घासतात. त्या दिवशी घरात कुणीही राहू नये, निदान काळे कपडे घालून राहू नये. नाकाला फडकं बांधा, पंखे बंद ठेवा, कपाटांच्या फटींना चिकटपट्टी लावा. इतकं करूनही साखरेच्या डब्यात धूळ सापडेल. ती पीओपी की पिठीसाखर हे चाखून बघू नका.

रंगाची घाई नको. पावसाळ्यात प्लास्टर लवकर सुकत नाही आणि ओल्यावर मारलेला रंग सोलून निघतो. पण गणपतीच्या आत सगळं आटपायचं हा आपला राष्ट्रीय कार्यक्रम असल्यामुळे हा सल्ला आजवर कुणी पाळलेला नाही. शेवटी बिल. रनिंग फूट मोजताना मिस्त्रींची टेप आणि तुमची टेप एकाच वेळी लावा आणि बीमचा वळसा धरला की नाही ते मोठ्यानं बोला. मोजणी मनात केली तर दोघांची मनं वेगवेगळी भरतात.

स्वाध्याय

१. जोड्या लावा : (अ) सुतार, पीओपीचे मिस्त्री, पुट्टीवाला, (ब) पीओपीत निघून जाईल, पुट्टीत निघून जाईल, रंगात निघून जाईल.

२. कारणे द्या : छताकडे रोज बघणारी माणसं तीनच. आजारी, झोप न येणारी आणि वीज गेल्यावर पंख्याकडे बघत पडलेली. तरीही आपण छतावर खर्च करतो.

३. प्रात्यक्षिक : आपण लावलेल्या कॉर्निसखाली चटई टाकून उताणे पडा. दहा मिनिटं बघा. कुणाला काही बोलू नका.

तिसरा प्रश्न मी सोडवला नव्हता. तो आईनं सोडवला. दिवाळीनंतर तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. थेंब घालायचे म्हणजे तिनं पलंगावर मान मागे टाकायची आणि वर बघायचं. पलंग कोपऱ्यात आहे. तिसऱ्या दिवशी थेंब पडला, तिनं डोळा मिटला, उघडला, पुसला आणि पुन्हा वर बघितलं.

“अरे, ही वेल इकडून अशी येतेय, आणि तिकडून उलटी का रे येतेय? समोरासमोर धडकल्यात की दोघी.”

माझ्या हातात बाटली होती, दुसरा डोळा बाकी होता. मी कोपऱ्याकडे बघितलं नाही.

“पुढच्या रंगात निघून जाईल,” मी म्हणालो.

हे वाक्य तोंडून सहज निघालं, की अंकलिपी संपली असं समजावं.